अवसेनं राखलेला गंज

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. पखवाजवाले, तुमच्याही हाताला विसावा द्या. देवाचं नाव गाऊन झालं, आता गोष्टीकडं वळू. पण गोष्टीआधी एक प्रश्न टाकतो, आणि आधीच सांगून ठेवतो, त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही! नाहीतर शेवटी म्हणाल, महाराजांनी फसवलं, पंगतीला बसवलं आणि वाढलंच नाही.

प्रश्न असा. वस्तूचं मोल राहतं कशानं? जशी मिळाली तशी जपून ठेवल्यानं, का वापरून वापरून झिजवल्यानं? सोपं वाटतंय ना? ते खांबाला टेकलेले आजोबा आत्ताच मान हलवायला लागले. आजोबा, थांबा थोडं. मीही आधी अशीच मान हलवली होती, आणि मग आठ दिवस मान धरून बसलो.

तर ऐका. उदगीरच्या पलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही. तुमच्यातच कुणाचे तरी सोयरे निघायचे तिथले, आणि उद्या सकाळी मला फोन! त्या गावात रामकिशन पांचाळ नावाचा सुतार. माझ्याच वयाचा, म्हणून एकेरी म्हणतो. बायको केवळाबाई. लेकी नांदायला गेलेल्या, घरात दोघंच.

या रामकिशनच्या घरी त्याच्या वडिलांची, आप्पांची, एक पेटी होती. आप्पा तरुणपणी रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला होते. काम सोडून निघताना तिथल्या साहेबानं त्यांना दोन रंधे दिले. रंधा माहीत आहे ना? लाकूड तासून गुळगुळीत करायचं हत्यार. आपल्याकडचा रंधा लाकडाचा. हे दोन बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, विलायती, पात्यावर घोड्याचा शिक्का! एक मोठा, एक धाकटा. आप्पांनी त्यांच्यावर जन्म काढला, आणि मागून रामकिशननं. गावातल्या निम्म्या चौकटी, निम्मे देव्हारे, निम्मे पाळणे त्या मोठ्या रंध्याखालून गेलेले.

आप्पांनी मरताना जमीनजुमला ठेवला नाही, दोन नेम ठेवले. पहिला — अवसेला हत्याराला हात लावायचा नाही. हा तर सगळ्या पांचाळांचा नेम, त्या दिवशी पेटी बंद म्हणजे बंद. दुसरा आप्पांचा स्वतःचा. हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली तर धार लावून द्यायचं, मूठ पक्की करून द्यायचं. मग तो घेणारा भाऊ असो का वैरी. बोथट हत्यार देणं म्हणजे भुकेल्याला रिकामं ताट देणं, असं म्हणायचे. आपल्याकडं कुणी विळा मागायला आलं तर आपण कोणता देतो, मंडळी? कोपऱ्यातला! हसू नका, मला तुमची घरं ठाऊक आहेत.

आता झालं काय, गेल्या साली रामकिशनचा खांदा धरला. डॉक्टर म्हणाला, हातानं रंधा मारायचं बंद करा, नाहीतर हा हात जेवायलासुद्धा उचलणार नाही. करायचंच असेल तर लाईटीवरचा रंधा घ्या. सांगणाऱ्याचं काय जातंय! मशीन काही झाडाला लागत नाही. मग दोन्ही रंधे पेटीत गेले, पेटी माळ्यावर गेली, आणि रामकिशन ओट्यावर येऊन बसला.

कामाचा माणूस रिकामा बसला की घरादाराला जड होतो, हे बायांना विचारा. कुणाच्या लग्नाला गेला तरी हा गडी जेवणाच्या टेबलाची कड चाचपत बसायचा. घरात उंबऱ्यावर हात फिरवायचा, जिथं तिथं खडबडीत लागायचं. केवळाबाई बघायची आणि आत जाऊन पदर डोळ्याला लावायची. तिला पैशाचं दुःख नव्हतं. नवरा डोळ्यादेखत विझू लागलाय, याचं होतं.

अशात एका रविवारी पुण्याचे निमकर साहेब आले. उदगीरचा किल्ला बघून पुढं आलेले, गावात चहाला थांबले, हॉटेलातलं टेबल बघितलं आणि विचारलं, हे कुणी केलं? लोकांनी घर दाखवलं. साहेबांनी हत्यारं बघायला मागितली. पेटी खाली आली, झाकण उघडलं. गंजलेला मोठा रंधा, मुठीला चीर, चिरेवर आप्पांनी गुंडाळलेली मळकी चिंधी. साहेबांनी तो असा दोन्ही हातांत घेतला, बारशाला लेकरू घेतात तसा.

ते म्हणाले, ही कंपनी आता हे रंधे बनवत नाही. बंद करून पन्नास वर्षं झाली. आता जगभर लोक हे शोधत फिरतात. आणि त्यांनी जो आकडा सांगितला, मंडळी, तो ऐकून रामकिशनला वाटलं, साहेब मस्करी करू लागलेत. एका रंध्यात मशीन येत होतं. दोन्ही दिले तर वर घरावर नवे पत्रे!

रामकिशननं साधा प्रश्न केला, साहेब, तुम्ही काम काय करता याच्यावर? साहेब म्हणाले, काम नाही करत, काचेच्या कपाटात ठेवतो. मग? मग बघतो.

बघतो! रंध्याकडं! रामकिशननं केवळाबाईकडं बघितलं, केवळाबाईनं पेटीकडं बघितलं. साहेब म्हणाले, घाई नाही, पुढच्या रविवारी येतो, तोवर ठरवा.

झालं. आता ठरवा! साहेब गेले आणि रामकिशनच्या डोक्यात गोंधळ घालून गेले. केवळाबाईचं मत सरळ होतं, विका आणि मशीन आणा, आप्पा काही वरून पावती मागणार नाहीत. मेहुणा फोनवर म्हणाला, येडा का खुळा, अजून दहा वर्षं धर, दुप्पट येतील. रामकिशनला दोघांचंही पटायचं. सकाळी एकाचं, दुपारी दुसऱ्याचं.

मग त्यानं काय करावं? मंगळवारी विश्वकर्म्याच्या फोटोपुढं दोन चिठ्ठ्या टाकल्या. एकीवर ‘विक’, एकीवर ‘ठेव’. केवळाबाईला उचलायला लावली. निघाली ‘ठेव’. रामकिशनचं तोंड उतरलं. म्हणाला, नीट हलवल्या नव्हत्या, परत उचल. परत उचलली, निघाली ‘विक’. तोंड आणखीच उतरलं! केवळाबाई म्हणाली, आता देवानं तिसरी चिठ्ठी लिहून पाठवावी का? तुम्ही हसता, पण खरं सांगा, कौल आपल्या मनासारखा येईस्तोवर आपण किती वेळा चिठ्ठ्या टाकतो? आणि या बिचाऱ्याला तर मनासारखं काय, तेच कळेना.

शेवटी बुधवारी दुपारी ओट्यावरून उठायला गेला आणि हात टेकवेना. केवळाबाईनं धरून उठवलं. तेव्हा म्हणाला, विकतो. बसून मरण्यापेक्षा विकलेलं बरं.

आता नीट ऐका, इथंच सगळी गंमत आहे. विकायचं ठरलं, म्हणजे हत्यार दुसऱ्याच्या हाती जाणार. म्हणजे आप्पांचा नेम लागू! एवढा पुण्याचा माणूस, एवढे पैसे देणार, आणि त्याच्या हातात गंजलेलं, बोथट हत्यार द्यायचं? रामकिशन कामाला लागला. खांदा ठणकत होता, पण गडी थांबला नाही. रॉकेल लावलं, विटेची भुकटी लावली, पॉलिश पेपरनं घास घास घासलं. पात्यावरचा गंज निघाला, आणि गंजाबरोबर तो घोड्याचा शिक्काही निघाला. निघू दे, शिक्क्यानं काय लाकूड तासतं? चिरलेली मूठ आप्पांच्या तळव्याला जन्मभर चिमटे काढायची. ती काढून टाकली आणि शिसवीची नवी घडवली. दगडावर पातं लावलं, अंगठ्याच्या नखावर धार तपासली. शुक्रवारी सांजेला एका सबंध फळीवर रंधा एकदाच चालवला, आणि काय सांगू मंडळी! कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ छिलका, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अखंड. वर्षानं त्याच्या तोंडावर हसू आलं. आणि हसू आलं तसं त्याला वाटलं, आता कशाला विकायचा? परत गोंधळ!

धाकटा राहिला होता. तो शनिवारी करायचा, असं मनात होतं. पण शनिवारी अवस. पेटी बंद. म्हणाला, रविवारी पहाटे उठून करतो. पण साहेबांना कुठला धीर? चूल पेटायच्या आत दारात हजर!

रामकिशननं धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलेला मोठा रंधा आणला. मान देऊन दोन्ही हातांनी पुढं केला. साहेबांनी गाठ सोडली, आणि मटकन ओट्यावर बसले. पातं उलटून बघितलं, मूठ बघितली. मग सांगितलं, रामकिशनभाऊ, आता याची काही किंमत नाही राहिली.

रामकिशनला ऐकू आलं, पण अर्थ लागेना. म्हणाला, “साहेब, बोथट होता तवा तुम्ही किंमत देऊ लागलता. आता चालू लागला, तर किंमत गेली म्हणता. मला काहीच कळंना.”

साहेब माणूस वाईट नव्हता, मंडळी. ओरडला नाही, नावं ठेवली नाहीत. हळूच म्हणाला, “त्या मुठीत तुमच्या वडिलांच्या हाताचा घाम मुरला होता. मूठ तरी कुठंय?”

केवळाबाई दारातून म्हणाली, “चुलीत गेली. काल पाणी तापवलं त्याच्यावर.”

अरे देवा! रामकिशनला आत्ता उमगलं. आप्पांचा शब्द पाळायला गेला आणि आप्पांचा हातच चुलीत घातला. ते एका परक्या माणसानं येऊन सांगावं? पण धार न लावता दिला असता तर आप्पांचा शब्द मोडला असता. कुठून बरोबर आणि कुठून चूक? तुम्ही सांगा. मघाशी मान हलवत होते ते आजोबा कुठं गेले? आता हलवा!

तेवढ्यात साहेबांना उघड्या पेटीत धाकटा दिसला. गंज तसाच, शिक्का तसाच, आप्पांची मूठ तशीच. अवसेनं राखलेला! साहेबांनी अक्षरशः हात जोडले आणि म्हणाले, हा द्या, आहे तसा द्या, कबूल केलेले पैसे देतो.

म्हणजे मशीन परत दारात आलं. खांदा वाचणार, काम चालू होणार. आणि रामकिशनचा हात पेटीवर तसाच. “साहेब, निदान धार तरी लावू द्या.” नको. “गंज पुसून देतो.” अजिबात नको. त्याला ते जमेना, मंडळी. हत्यार उचलून द्यायचं आणि ते बोथट द्यायचं, त्याची बोटंच उघडेनात. लोक म्हणतील, रामकिशन पांचाळानं असलं हत्यार दिलं! आप्पा काय म्हणतील? साहेब उभे, हा पेटी धरून बसलेला.

मग केवळाबाई पुढं आली. चौथीसुद्धा शिकलेली नाही ती बाई. मी एवढी पोथ्या-पुराणं वाचली, मला सुचलं नसतं ते म्हणाली.

“आवो, आप्पा म्हणलते, हत्यार देताना धार लावून द्या. साहेब हत्यार न्यायला कुठं आलेत? ते आप्पाचा घाम न्यायला आलेत. घामाला काय धार लावता? द्या त्यांना. आन् हत्यार आपल्यापाशी आहे की.”

रामकिशननं धाकटा रंधा कपाळाला लावला आणि दिला. बोथट दिला. जन्मात पहिल्यांदा. साहेब तो छातीशी धरून गेले.

मशीन आलं. रामकिशन आता चौकटी करतो, खांदाही बराच सुधारला. सगळं काम लाईटीवर. पण शेवटचा एक हात, फक्त एक, मोठ्या रंध्यानं मारतो. डॉक्टर रागावतो. केवळाबाई रागावत नाही.

मग रामकिशन माझ्याकडं आला. मला वाटलं नारळ घेऊन आला, तर प्रश्न घेऊन आला! म्हणाला, महाराज, जिथं मी तीन दिवस राबलो त्याचे पैसे गेले, आणि ज्याला हात लावला नाही त्याचे मिळाले. मी चुकलो का साहेब चुकले? मी म्हणालो, सांगतो, चहा घे. चहा झाला. दुसरा झाला. मी काय सांगू? साहेबांनी एका गंजात बापाचा हात बघितला, जो पोटच्या पोराला दिसला नाही. आणि पोरानं बापाचा शब्द पाळला, जो साहेबांच्या कपाटात मावत नाही. मी म्हणालो, रामकिशन, मला कळत नाही. त्याला केवढं बरं वाटलं! म्हणाला, मग मी एकटाच येडा नाही.

पण तो गेल्यावर मला घाम फुटला, मंडळी. कारण एक गिऱ्हाईक माझ्याही दारात यायचंय. तुमच्याही. ते चुकत नाही, आणि हा देह त्यानंच दिलाय, म्हणून परत मागायला येणार. त्याच्या हातात आपण काय ठेवणार? आपण काय जपलं आजवर? शिक्का! कुळाचा शिक्का, आडनावाचा शिक्का, पहिल्या रांगेतल्या खुर्चीचा शिक्का. रोज पुसतो, कुणी धक्का लावला तर भांडतो. आणि धार? जिभेवर नाव नाही, हाताला काम नाही, पाय देवळापर्यंत येतात ते प्रसादाच्या वेळी. निमकर साहेबांसारखा तो आला तर निभावेल, गंजासकट नेईल. पण तो जर आप्पांसारखा निघाला? अंगठ्याच्या नखावर धार तपासणारा? मग कोणती चिठ्ठी उचलणार?

मला खरंच माहीत नाही तो कसा आहे. म्हणून मी आपला घासत बसलोय. शिक्का गेला तर गेला.

उद्या काल्याचा महाप्रसाद आहे. अध्यक्षांनी मघाशीच माझ्या कानात सांगितलं — जेवायला सगळं गाव येणार आहे, वाढायला चौघंच आहेत. मी सकाळी आठला वाढायच्या पाटीजवळ उभा असेन, बाह्या सारून. कोण कोण येतंय, ते बघू. आता उचला टाळ.