कोपरातला कापूस

जानकी : इतक्यात इलंस? रगत देऊक गेलंस ना?

अपूर्वा : घेतलंच नाही, आई. हिमोग्लोबिन अकरा पॉइंट सहा आलं. साडेबारा लागतं.

जानकी : बरा झाला. बस, चाय टाकलंय.

अपूर्वा : काय बरं झालं? भटवाडीभर बोर्ड लागलेत, सिद्धेशच्या नावाचं शिबिर म्हणून. त्याच्या फोटोला हार घातला मी, आणि मलाच परत पाठवलं. शिबिर भरवणाऱ्या नितेशला तर माझ्याकडे बघवेना. तीन महिने आयर्नच्या गोळ्या खातेय. एक दिवस चुकवली नाही.

जानकी : अंगाक लागाक व्हयी ना पण.

अपूर्वा : डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? म्हटलं चहाबरोबर. सासूबाई स्वतः आणून देतात, एका हातात कप, एका हातात गोळी. तर म्हणाल्या, चहाने फुकट जाते ती. लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. तीन महिन्यांची वाट लागली ना. आई?

जानकी : माका म्हायत होता.

अपूर्वा : काय माहीत होतं?

जानकी : ता चायचा. केमिस्टकडच्या जयान सांगलेला. मावशी, चहाबरोबर देऊ नका, लिंबू, आवळा असं काहीतरी द्या.

अपूर्वा : म्हणजे मुद्दाम दिलात?

जानकी : मुद्दाम.

अपूर्वा : तुम्हाला ठाऊक आहे मी का देते. कोण कुठली माणसं हॉस्पिटलात येऊन त्याला रक्त देऊन गेली. एकाचं नाव मला माहीत नाही. त्यांच्यामुळे चार दिवस तो बोलला माझ्याशी.

जानकी : माझ्याशी पण तो बोललो ना गो.

अपूर्वा : मग?

जानकी : तू रगत देऊन येतंस ती कोपरात कापूस लावून. वर ती पट्टी. माझ्या झिलाक, सिद्धेशाक, घराक हाडल्यानी तेव्हा तेच्या कोपरात तस्सोच कापूस होतो. आंघोळ घालताना मीच काढलंय. तू दारात उभी रवतंस आणि माका तेचो हात दिसता.

अपूर्वा : दोन वर्षं मी तशीच येतेय. एकदा बोलायचं होतं.

जानकी : कसा बोलू? त्या दिवशी तू पोटभर जेवतंस. एरवी चिवडत बसतंस.

अपूर्वा : मला राग आलाय, आई. खरंच आलाय.

जानकी : येवंदे.

(स्वयंपाकघरात मोरीत चहा ओतल्याचा आवाज.)

जानकी : उद्यापासून लिंबू पिळून देतंय. फुडच्या वेळेक साडेबाराच्या वर जातला तुझा.

अपूर्वा : आणि तुम्हाला त्याचा हात दिसतो, त्याचं काय?

जानकी : माझा मी बघतंय. फक्त तो कापूस जिन्यातच काढून ये, बाय.