खिशातली खिट्टी

—दगाबाज. लिहा की, थांबलात काय? तुमच्या त्या फॉर्मवर जागा सोडलीय ना, 'उमेदवाराची वर्तणूक', पुढं नुसती टिंबं—तिथं लिहा, दगाबाज. शिकवणाऱ्या माणसाला दगा दिला. मी आठवीपर्यंतच शिकलोय, तेही सातवीत दोनदा बसून, तरी एवढा शब्द मला लिहिता येतो. नको म्हणता? बरं, मग बसा आधी. त्या बाकाचा उजवा पाय डुगडुगतो, तेव्हा डावीकडं बसा—आं! हॅ हॅ हॅ! डावाच डुगडुगतो हो! लागलं नाही ना? रागावू नका, साहेब, ड्रायव्हरांच्या या खोलीत पहिल्यांदा येतो त्याला त्या बाकावरून पडावंच लागतं. सुतार दोनदा आला होता दुरुस्त करायला, दोन्ही वेळा मी हाकलून दिला. पाणी प्यायलात ना? मघाशी नळावर गेलात तेव्हा बघितलं मी तुम्हाला. गाडी बाहेर भिंतीशी लावलीय ती तुमचीच ना, लाल? छान आहे. —काय वाजतंय? काही नाही हो, खिशात खिट्टी आहे एक. हाताला सवय.

हो हो, कळलं मला. पोरगा तुमच्या ट्रान्सपोर्टात नोकरी मागायला आलाय, आणि तुम्ही विचारायला आलात की आमच्याकडं सात महिने होता तेव्हा कसा होता, आणि पुलावर त्याचा ट्रेलर सुटला तो कसा. आणि सही माझी लागते, कारण मी इथला उस्ताद. छत्तीस वर्षं चालवली, गुडघा गेला तेव्हापासून नव्या पोरांना शिकवतो. वाचा बरं, पहिला प्रश्न काय आहे? 'दोन वर्षांचा अनुभव आहे काय?' कोण छापतं हो हे कागद? पहिली गाडी कुणी हातात द्यायची नाही आणि वर अनुभव मागायचा! तुमची ही कितवी नोकरी? —पहिली? हॅ हॅ! मग तुम्हाला कसं घेतलं त्यांनी? —मामा आहेत? असं सांगा की! त्या पोराला मामा नव्हता. एक आई, शिवणकाम करणारी. पोरगा बुटका, सीटवर बसला की त्याला स्टिअरिंगच्या वरून रस्ता दिसायचा नाही, तर तिनं जाडजूड उशी शिवून दिली, निळी, चारी कोपऱ्यांना नाड्या. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, आई दुधाची बाटली द्यायला विसरली का? सगळी खोली हसली. तोही हसला. तो हसायचा हो, हीच तर पंचाईत—जो रागावतो त्याच्यापुढं माणूस जरा थांबतो, जो हसतो त्याच्या डोक्यावर चढतच जातो.

नवी पोरं आली की मला चेवच येतो. लायसन्सचा कागद कोराकरकरीत, मोकळ्या मैदानात आठचा आकडा काढून आलेली, आणि इथं अठरा चाकांची गाडी मागं घ्यायला लावली की इंजिन एकीकडं, ट्रेलर दुसरीकडं, आणि पोरगं आरशात तिसरीकडंच बघतंय! एकाला मी स्टोअरमध्ये पाठवला, म्हटलं, आरसा आतल्या बाजूनं पुसायचं फडकं घेऊन ये. स्टोअरवाला माझाच माणूस, त्यानं कॅन्टीनला पाठवला, कॅन्टीनवाल्यानं वजनकाट्यावर, पोरगं दुपारपर्यंत फिरत होतं, आणि शेवटी घामाघूम होऊन आलं आणि म्हणालं, उस्ताद, आतल्या बाजूचं संपलंय, बाहेरच्या बाजूचं चालेल का? हॅ हॅ हॅ! आज तो तेलाचा टँकर चालवतो. अजून भेटला की मी आधी फडक्याची चौकशी करतो.

पण माझी खरी गंमत म्हणजे खिट्टीची. समजावून सांगतो, तुम्हाला कागदाशिवाय काही ठाऊक नसणार. पुढचं इंजिनाचं धूड, त्याला आम्ही घोडा म्हणतो. मागं लांबलचक ट्रेलर. दोघांना धरून ठेवतं एक कुलूप—ट्रेलरखाली मनगटाएवढी पिन असते, तिला घोड्यावरचा जबडा आवळून धरतो. त्या कुलपाचा दांडा बाजूला असतो, आणि दांडा आपोआप उघडू नये म्हणून त्यात खिट्टी अडकवलेली. एवढीशी. नवं पोरगं चहाला गेलं की मी ट्रेलरचे लोखंडी पाय खाली टेकवायचे, खिट्टी काढायची, दांडा ओढायचा, आणि खिट्टी खिशात. पोरगं येतं, ऐटीत वर चढतं, गिअर टाकतं, आणि घोडा पुढं, ट्रेलर तिथंच! हातभर गेला की मी ओरडतो, थांऽऽब! पोरगं उतरतं, तोंड पांढरंफटक, सगळे टाळ्या पिटतायत, आणि मी खिट्टी त्याच्या हातात ठेवतो: 'निघायच्या आधी गाडीभोवती फेरी मारायची, शहाण्या!' बस्स. जन्मात विसरत नाही. अठ्ठावीस पोरं शिकवली अशी. मालकालाही ठाऊक होतं, तो वरच्या खिडकीतून बघायचा आणि पोट धरून हसायचा.

हा एकटा सापडेना. मी न शिकवताच फेरी मारायचा! दोन मिनिटं पाणी प्यायला उतरला तरी परत पहिल्यापासून फेरी. चाकाचाकाला हात लावणार, कुलपाशी वाकणार, खिट्टी बोटानं हलवून बघणार. चार वेळा काढली मी खिट्टी. चारही वेळा वर चढायच्या आधी माझ्यासमोर येऊन उभा, हात पुढं केलेला: 'उस्ताद, खिट्टी द्या ना. तुमच्या खिशात पडली असेल.' पडली असेल! सगळ्यांसमोर! आणि चेहरा किती भोळा! आता सांगा, छत्तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसानं काय करायचं? —शाबासकी द्यायची? साहेब, तुम्ही मामांकडंच शोभता. मी त्याचं नाव पाडलं, फेरीवाला. तो गाडीभोवती निघाला की मी इथून ओरडायचो, 'ओ फेरीवाले, चादरी कशा दिल्या?' मग खोलीतून दुसरा, 'गालिचे आहेत का?' रोज. दोन महिने. पुढं पुढं तो फेरी भराभर मारायला लागला, मान खाली घालून, कुणी बघत नाही ना असं बघून. माझ्या लक्षात आलं होतं ते. —नाही, हे लिहायचं नाहीये. हे मी आपलं बोलतोय.

मग त्याची पहिली एकट्याची खेप आली. सकाळची वेळ, ट्रेलरमध्ये फरशांच्या पेट्या, आई डबा घेऊन फाटकापर्यंत आलेली. मला म्हणाली, उस्ताद, लक्ष असू द्या हो त्याच्याकडं. मी म्हटलं, ताई, मी आहे ना. पोरानं नियमानं फेरी मारली, सगळं ठीकठाक, आणि गेला ऑफिसात गेटपास आणायला. आणि माझ्या मनात आलं—हा आज गेला की शिकाऊ राहणार नाही. माझ्या हातून निसटणार, न फसता. अठ्ठावीस झाले आणि एकोणतिसावा कोरा! मी काढली खिट्टी. ओढला दांडा. ट्रेलरचे पाय खाली टेकवायचे राहिले. —राहिले म्हणजे, हँडल फिरवायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात तो आला असता. म्हटलं, हातभरच तर जायचंय.

तो आला, आणि परत फेरी मारायला वळला. झालं! इकडून सगळे—'चादरी कशा दिल्या?' आई हसतेय, तिला काय कळणार, तिला वाटलं पोराचं कौतुक चाललंय. तो लाजला. आईसमोर हो. आणि मी जवळ गेलो, खांद्यावर हात टाकला, म्हटलं, 'अरे, बस वर, मी बघितलंय सगळं. माझ्यावरही भरवसा नाही का रे?' 'तसं नाही उस्ताद,' म्हणाला, आणि चढला.

गाडी हलली. मी तोंडावर हात दाबून बघतोय, आता सुटेल, आता सुटेल—सुटेचना! त्या दिवशी गाडी कडेच्या रांगेत होती, तिथून फाटकापर्यंत उतार. ट्रेलर मागून घोड्याला रेटत राहिला, चिकटून. हे मला नंतर कळलं. —नंतर कशाला, एवढी वर्षं चालवली, मला तिथंच कळलं. फाटक ओलांडलं त्यानं. आई हात हलवतेय. सगळे माझ्याकडं बघतायत, काय उस्ताद, फसली का गंमत? फोन होता माझ्या खिशात, खिट्टीच्याच खिशात. पण फोन केला असता तर तो गाडी कडेला लावून चालत आला असता, आणि हात पुढं करून म्हणाला असता, उस्ताद, तुमच्या खिशात पडली असेल. पाचव्यांदा. आईसमोर. मी म्हटलं, दांडा नीट ओढला गेला नसेल. चहा सांगितला. चहा यायच्या आत पुलाचा चढ लागतो, साहेब.

कुणी मेलं नाही. हे आधी लिहा. चढावर ट्रेलर घोड्यावरून घसरला, नाक रस्त्यावर आपटलं, आणि तसाच फरफटत मागं सरकून कठड्याला अडकला. फरशांचा चुरा. पोराचं कोपर फुटलं. मागं एक छोटी गाडी होती, त्यात एक बाई आणि तिची दोन मुलं. ट्रेलर थांबला तेव्हा मध्ये किती अंतर होतं सांगू? हातभर.

मग मालकाच्या खोलीत चौकशी. मालक खुर्चीत, मी कपाटाला टेकून, पोरगा मध्ये उभा, काखेत ती निळी उशी. मी तयारीनं गेलो होतो हो! तो म्हणणार, उस्ताद म्हणाले मी बघितलंय. मग मी काय बोलायचं ते शब्द न् शब्द पाठ केलं होतं—आधी मालकाला हसवायचं, मग कान पकडायचे, मग काय होईल ते होईल, नोकरी गेली तर गेली. मालकानं विचारलं, निघायच्या आधी फेरी मारली होतीस? म्हणाला, नाही. का नाही मारली? आणि माझा हात होता खिशात, आणि ही वाजली. एवढीशी. त्यानं माझ्या खिशाकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं. आणि मालकाला म्हणाला, 'घाई होती.'

घाई होती! ज्यानं सात महिन्यांत कधी घाई म्हणून केली नाही त्यानं! माझ्यासमोर खोटं बोलला, मला वाचवायला, आणि मी गेलो होतो का त्याच्याकडं, बाबा रे मला वाचव म्हणून? हा दगा नाही तर काय आहे? माझं पाठ केलेलं सगळं माझ्याच घशात कोंबून निघून गेला, उशी घेऊन. त्यानं एक शिवी तरी द्यायची होती. नुसतं 'उस्ताद, खिट्टी द्या' म्हणायचं होतं, मी तिथंच टेबलावर ठेवली असती! —ठेवली असती हो. असं का बघताय? मालकानं त्याला काढलं, लायसन्स चार महिने अडकलं, आणि मी इथं, याच खुर्चीत. आणि ते चादरीवाले, गालिचेवाले? सगळ्यांनी बघितलं होतं, मला खिट्टी काढताना. एकानंही तोंड उघडलं नाही. सगळे माझेच शिकवलेले, आणि आता मी खोलीत आलो की बोलणं बंद. त्याची आई अजून फाटकावरून जाते, कपड्यांचं गाठोडं घेऊन. मान फिरवून जाते—नाही, मान नाही फिरवत. थांबून विचारते, उस्ताद, गुडघा कसा आहे? म्हणजे तिलाही सांगितलं नाही त्यानं. फोन करतो मी, उचलत नाही. पाच महिने झाले.

—काय लिहिताय? कधीपासून लिहिताय? अहो, मी गंमत करत होतो! माझं काय ऐकता, सगळ्या गावाला ठाऊक आहे मी कसा आहे ते. दाखवा. दाखवा म्हणतो ना. —अक्षर बरंय तुमचं. 'अपघातास जबाबदार कोण'... हं, माझं नाव. नको, खोडू नका. अहो, खोडू नका म्हणतोय, राहू द्या ते! पेन द्या इकडं. कुठं करायची सही, इथं? ते वर वर्तणुकीपुढं दगाबाज लिहिलंत का? नाही ना? मग तिथं लिहा, फेरी चुकवत नाही. तेवढंच. आणि ही खिट्टी घ्या. हो, हीच. त्याला द्या. निरोप? निरोप काही नाही. म्हणावं, माझ्या खिशात पडली होती.

मालकाला मी सांगतो. आजच. तुम्ही फाटकाबाहेर पडलात की वर जातो—असं बघू नका, जातो म्हणालो ना. चला, उठा आता, बाकाचा पाय सांभाळून. —आणि अहो, थांबा. गाडीला किक मारायच्या आधी खाली वाकून बघा. पेट्रोलचा कॉक बंद आहे. तुम्ही नळावर गेला होतात तेव्हा मीच केला, मोठ्या चौकात भर रहदारीत बंद पडला असतात. हसू नका. हसू नका म्हणतोय. जा.