जादा बाई

बाप : दार उघडा, बाई! नाहीतर बिजागरीसकट खाली आणीन.

बाई : आधी हातातला तो लोखंडी दांडा टेम्पोत ठेवून या. मग बोलू.

बाप : बोलायला आलोच नाही मी. माझी पोरगी बाहेर काढा.

बाई : शाळा सुटेपर्यंत ती माझ्याकडे आहे. आणि आज सुटल्यावरही तुमच्या हाती देणार नाही.

बाप : तुम्ही कोण ठरवणार? जादा बाई! ढ पोरं सांभाळायला वरून पाठवलेली! मोडक्या बाकांच्या खोलीत बसवून माझ्या पोरीची गावभर शोभा केलीत.

बाई : मागे पडलेल्या मुलांना कोणीतरी जवळ बसून शिकवायला नको? वर्गातल्या गुरुजींना सगळ्या पोरांचं बघायचं असतं.

बाप : शिकवलंत ना? मग ऐका. सकाळी टेम्पोत माल भरत होतो. दुकानदार म्हणाला, “तुझी लेक काल शाळेत सगळ्यांसमोर खडाखडा वाचत होती की.” खरं का?

बाई : खरं. अख्खा धडा वाचला तिनं.

बाप : आणि काल संध्याकाळी माझ्यापुढे? तोच धडा! दातखीळ बसल्यासारखी गप्प. पट्टा तुटला माझा, पण हिच्या तोंडून अक्षर फुटलं नाही. म्हणजे बापाची थट्टा चालवली होती कार्टीनं!

बाई : थट्टा? पाठ बघितलीत तिची? सदरा चिकटलाय जखमांना. मी पाणी लावून लावून सोडवतेय.

बाप : मग वाचायला सांगा. आत्ता. मला दारातून ऐकू येऊ दे. वाचलं तर निघून जातो.

बाई : वाचतेस, बाळा? नको असेल तर नको.

बाप : वाच!

मुलगी : ए... एका...

बाप : ऐकलंत? खोटारडी! आणि तिला शिकवणाऱ्या तुम्हीही खोटारड्या!

बाई : अहो, तुमचा आवाज ऐकला की तिला अक्षरं दिसेनाशी होतात! एवढंही कळत नाही?

बाप : सरका दारापासून!

मुलगी : बाई, फळी फुटली!

बाई : तू बाकाखाली जा. डोकं झाक. हेडसर! अहो हेडसर, कोणाला तरी बोलवा!

बाप : हेडसरांनी केव्हाच ऑफिसला आतून कडी घातलीय. कोणी येत नाही.

बाई : मग मीच येते बाहेर. थांबा! मारू नका, मी दारात—

(बाई दार उघडतात तोच दांडा त्यांच्या उजव्या हातावर बसतो. बाई खाली कोसळतात.)

बाप : बाई... मी दारावर मारत होतो. तुम्ही मधे कशाला आलात?

बाई : आई गं... तिथेच उभे राहा. आत पाऊल टाकू नका.

बाप : हात लोंबतोय तुमचा. हाड मोडलंय.

मुलगी : बाबा.

बाई : बाहेर येऊ नकोस, बाळा!

मुलगी : बाबा, मला मारा. बाईंना नका मारू. त्यांना फळ्यावर लिहायचं असतं.

बाई : तो दांडा खाली ठेवा.

बाप : ठेवला. टेम्पो काढतो. दवाखान्यात नेतो तुम्हाला.

बाई : तुमच्या गाडीत मी बसणार नाही. हेडसरांना दार उघडायला सांगा, पोलिसांना फोन करायला सांगा. आणि पोरीच्या मावशीला निरोप धाडा. ती आजपासून तिकडे राहील.

बाप : माझी पोरगी...

बाई : तिची पाठ दाखवू पोलिसांना? का तुम्ही स्वतः सांगता?

बाप : सांगतो. मीच सांगतो.

बाई : जा मग. गेले? ये, बाळा, बस इथे. रडू नकोस.

मुलगी : बाई, आता तुम्ही शाळेत येणार नाही?

बाई : येईन की. डावा हात आहे ना.

मुलगी : डाव्या हातानं वाकडं येईल.

बाई : येईल थोडे दिवस. वाचशील?

मुलगी : तुम्ही बोट ठेवा. वाचीन.