घासलेले आकडे

नाई साहेब, तुमीच पहा ना — पाण्यात पाठीवर बांधाच्या या हवेच्या टाकीच्या मानेवर काई वाचता येते काय? किती दाबाची, कधी तपासली, काईच नाई. आन् नियम तं तुमचाच हाये, आकडे दिसत नसन तं हवा भरायची नाई. गाडीच्या चाकात दोन-अडीच बार दाब, याच्यात दोनशे — फुटली तं खोलीसकट आपण गेलो! मारा लाल फुली. मारा, मारा. प्रफुलची हाये, माह्या भाच्याची, म्हणून मी गप बसू काय?

जलन? मले? कायची जलन! वीस वर्सं वैनगंगेतून बुडालेले मीच काढलो साहेब, एका दमावर, कमरेले दोर बांधून — आन् दोर कोण धरे? हाच प्रफुल. आता तुमच्या बचाव पथकानं त्याले शिकवलं, टाकी देल्ली. मले देल्ली या खोलीची चाबी. चामोर्शीची ते पोरगी, चंचल, बुडाली तवा मी तीनदा गेलो खाली, तीनदा रिकामाच आलो, कानातून रक्त आलं — हा एकदाच गेला, घेऊन आला. आमच्यात मुडदा वर आणणाऱ्याच्या पायावर बुडालेल्याच्या घरची बाई पाणी टाकते. तिच्या मायनं याच्या पायात घातलेल्या त्या रबरी पंखावर टाकलं. मी बाजूलेच उभा होतो, ओलाचिंब. माह्याकडं पाह्यलं बी नाई तिनं. जळलो साहेब, हो, जळलो. आताबी जळून राह्यलो. पण म्हणून काय — तपासाची मुदत पुढच्या सालापर्यंत असली तरी दिसाले तं पायजे ना! — अं? मले कसं मालूम? असन, म्हणलं. अंदाजानं.

थांबा, फोन. — हं, बोल प्रफुल. घुग्घुसले? बंद खदानीत? बाई बुडाली हाये? … किती खोल? … पन्नास फूट. हो… हो, भरून आणतो.

साहेब, रंग वाळला नाई अजून, पुसून टाका ना. बाकीच्या दोन टाक्या नागपूरले तपासाले गेल्या, इथी हे एकच हाये. चांगली हाये साहेब ती! दोनशेचीच हाये, मीच तं — मीच घासलो. कानशीनं, काल दुपारी. लिहून घ्या, काढून टाका मले. पण भरू द्या. तिचे लोकं तिथी काठावर बसून हायेत.

काऊन मान हालवता? काय लिहिलं होतं ते मी सांगतो ना! तोंडपाठ हाये मले, सांगतो —

नाई चालत?

मंग हा फोन घ्या. तुमीच सांगा त्याले.