हात बांधला पायासारखा

...अन् वरून घरचे मलेच म्हणतात, तू गप बस, तू नापास हायेस. हाओ, हाये नापास. पण तुमाले सांगतो, हाताची हाडं सत्तावीस अन् पायाची सव्वीस, हे मले आजही पाठ हाये. अमरावतीले फिजिओथेरपीच्या कॉलेजात दोन वर्षं काय झाडू मारला मी? तोंडी परीक्षेत सरनं एक लहानसं हाड हातात देल्लं, म्हणे वळख. मी म्हटलं हाताचं बोट. निघालं पायाचं. झालं... कुलदीप वापस मूर्तिजापूरले.

अन् घरी कोण, तं मोठेबाबा. बापाचे थोरले भाऊ, खुशालराव. जलम गेला बैलाचे मोडके पाय बांधण्यात, नाव हाये त्यायचं, नाई म्हणत नाई. आषाढात माही माय गोठ्यात घसरली, हातावर पडली, आंगठ्याच्या बुडाशी हे एवढं सुजलं. मी म्हटलं, मोठेबाबा, अकोल्याले नेऊ, फोटो काढू, मनगटात आठ बारकी हाडं असतात, सत्तावीस अन् सव्वीस, हात वेगळा... तं ते बांबूच्या कमच्या सोलता सोलता म्हणतात, "हात काय अन् पाय काय, हाड ते हाड. बैल कधी फोटो काढाले गेला काय रे, पोट्ट्या?" अन् माहा बाप? जमिनीकडे पाहून म्हणे, "भाऊ सांगून राहिले नं." घरचा वैद सोडून दवाखान्यात गेलं तं भावाचं नाक कापलं जाते. मायचं मनगट गेलं तं चालते.

बांधलं मंग. हळद, तुरटी, कमच्या, अन् आंगठा चार बोटायच्या रांगेत सरळ, चपटा. सव्वा महिना. आता तुमीच आपल्या पायाकडे पाहा. पायाचा आंगठा बोटायच्या बाजूले उभा राह्यते, रेशनच्या लायनीत उभा असल्यावानी. हाताचा तसा नसते नं बावा, तो बोटायच्या सामने येते, त्यायले भेटते, म्हणून तं सुई धरता येते, बटन लावता येते. सत्तावीस अन् सव्वीस, कितीक वेळ सांगू?

सोडलं तवा आंगठा हालेच ना. मायनं भाजीत मीठ टाकाले चिमूट धरली, सारं मीठ चुलीपाशी सांडलं. पुन्हा धरली, पुन्हा सांडलं. मी पाहून राहिलो तं म्हणे, "येईन रे हळूहळू, तू नको चिडू." अन् बाप जेवता जेवता म्हणते, "आज अळणी झाली काय वं?"

मंग मीच नेलं अकोल्याले. डॉक्टरीणबाईनं फोटो उजेडात धरला. म्हणे, आंगठ्याखालचं हाड मेलं, रक्तच पोचलं नाई, आंगठाही आकडला. कोणं बांधलं हे? मी तोंड उघडाच्या आंधी माय म्हणे, "घरीच बांधलं जी, मीनंच." मीनंच म्हणे... एका हातानं सोताचाच हात बांधला का तुनं, माय?

मी पायाच्या हाडाले हाताचं म्हटलं तं मले नापास केलं. मोठेबाबानं जित्या हाताले पाय समजून बांधलं, त्यायले पोळ्याले गावानं नारळ देल्ला, शेला देल्ला.

अन् परवा दसऱ्याले माय त्यायच्या पाया पडली. तोच हात, चपटा, त्यायच्या पायावर टेकवला. मोठेबाबा साऱ्यायकडे पाहून म्हणतात, "पाहा, आला का नाई हात कामात?"

खरंच तं हाये. पाया पडाले आंगठा लागतच नाई.