फुगडीला दिलेला हात

आज चौदा डिसेंबर. हा तांदूळ निवडायचाय, तर निवडता निवडताच सांगते. माझे हात थांबले की तोंडबी थांबतं.

माहेर माझं टाकवे बुद्रुक, दिली कामशेतजवळ. दुसऱ्या लेकराच्या पाठी बोटांवर पांढरे डाग आले, मग मनगटं, मग कोपरापर्यंत. कोड. डॉक्टर म्हणले, मावशी, हे कुणाला लागत न्हाई, बिनघोर ऱ्हावा. मी ऱ्हायले, पण डॉक्टर काय घरोघरी जाऊन सांगणार हायेत का? काय सांगू तुमाला, माझी फुगडी लय जोराची, गौरी जागवायला माझ्याबिगर खेळ रंगायचा न्हाई. त्या वर्षी थोरली जाऊ समोर आली आन् तिनं हातात रुमाल घेतला. म्हणली, घामानं हात सटकतात गं. मीबी मान हलवली. आता कापडावरून कधी फुगडी व्हती व्हय? दोन गिरक्या झाल्या न झाल्या, रुमाल सुटला आन् मी भिंतीवर. बायका हसल्या, मीबी हसले. पुन्हा खेळले न्हाई. उन्हाळ्यातबी लांब बाह्यांचं पोलकं घातलं.

तर औंदा लोणावळ्याला एका बंगल्यावर शिबिर निघालं, बचत गटाच्या बायकांसाठी. तीन दिवस तितंच ऱ्हायचं, खायचं आन् नाचायचं. आमच्या गटाच्या सुमनताईनं मला न विचारता नाव दिलं. मी म्हणले, हे काय नाचायचं वय हाय का? ती म्हणली, मग काय मरायचं वय हाय? पिशवी भर.

पयल्या दिवशी शिकवणाऱ्या ताई म्हणल्या, गोल करा, हात धरा. मी सैपाकघरात. दुसऱ्या दिवशीबी तेच, आचाऱ्याला म्हणले, द्या ते कांदे इकडं. तो म्हणला, मावशी, नाचायला आलाय का माझं काम घालवायला? बाहेर ढोलकी चालली व्हती आन् माझे पाय वट्याखाली आपलेआप ठेका धरत व्हते. तेवढ्यात पाणी प्यायला हिराबाई आली. ही लोहगडवाडीच्या वरल्या अंगाच्या ठाकरवाडीची, गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी विकती. म्हणली, पाय नाचत्यात आन् तू हितं काय करती? मी चिडून बाह्या वर केल्या, हे बघ म्हणले, कोड हाय. तिनं बघितलं. म्हणली, व्हय, हाय की. कांद्याचा वासबी हाय, आन् त्यो मातर दुसऱ्याला लागतो, धू आधी. मी धुतले. ओल्या हाताला धरूनच तिनं मला गोलात नेलं.

गोलात शिरले तशी माझ्या उजवीकडची बाई, पवनेच्या धरणाकडची, हात काढून पलीकडं जाऊन हुभी ऱ्हायली. मला वाटलं, निघावं गुमान. हिराबाई म्हणली, बरं झालं, जागा झाली, सुमन, ये गं इकडं. सुमनताईनं येऊन हात घट्ट धरला. त्या दिवशी ठाकरांचा नाच शिकवत व्हते, त्यो सगळा पायांचा, मला कुटं येतोय, मी चुकले, माझ्यापायी शेजारच्या दोघी चुकल्या, मग सगळा गोलच चुकला आन् हसला. पण ह्या हसण्यात मी आत व्हते.

सांजच्याला फुगडी निघाली. हिराबाईच्या हातात हात अडकवला, मधी काय न्हाई, आन् अशी फिरले की बंगला, झाडं, बायका सगळं एक झालं. थांबले तवा मीच तिला सावरलं, ती म्हणली, बये, तुझ्या अंगात वारं हाय का इंजिन?

डाग काय गेले न्हाईत, जायचेबी न्हाईत. जाऊ हाय तशीच हाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, चहा घेतला आन् सगळ्यांच्या आधी अंगणात गेले. ती पवनेकडची बाई आली, मला बघून चौघींच्या पलीकडं हुभी ऱ्हायली. ऱ्हाऊ दे बापडी, तिचंबी बरं होवो. मी बाह्या कोपरावर दुमडल्या आन् दोन्ही बाजूंना हात पसरले, म्हणले, चला गं, कोण धरतंय?