गाळलेली पानं

नेत्रतपासणीच्या खोलीबाहेर, थेंब घातलेले डोळे मिटून एक वयस्क बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. भाची त्यांना जुन्या काळच्या एका सिनेनटीवरची कादंबरी वाचून दाखवत होती.

“मग मावशी, ती नटी लग्न करते.”

“मधली पानं गाळलीस. उलटल्याचा आवाज आला मला.”

“तिथे तिची मैत्रीण आहे. म्हणजे, प्रेमाचं आहे ते.”

“मग वाच की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“तिचं खरं प्रेम मैत्रिणीवरच असणार बघ. नवरा आपला लोकांना दाखवायला.”

“असं लिहिलंय?”

“नाही. दोघांवरही होतं, असं लिहिलंय.”

“मग तू कशाला एकाला खोडतेस? तुझ्या काकांवर माझा जीव होता.”

“माहीत आहे गं.”

“तेवढंच माहीत आहे तुला. आता ती पानं वाच. सावकाश.”